एका कपाचा फिल्टर

मैत्रिणींनो, जरा उठा आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवर नजर टाका पाहू. पाच लिटरचा कुकर, पंचवीस चपात्या मावतील असा डबा, पाहुण्यारावळ्यांसाठी घेऊन ठेवलेले मोठे पातेले, रुखवतात आलेली बारा कपांची किटली. आता यात फक्त तुमच्या एकटीच्या मापाचे भांडे कोणते? बहुतेकींना शोधून सापडणार नाही. घरातली प्रत्येक वस्तू आपण चौघांचा, दहाजणांचा, नाही तर कधी काळी येणाऱ्या पाहुण्यांचा विचार करून घेतो. त्यात वाईट काहीच नाही. पण कॉफीच्या बाबतीत मात्र ही सवय अगदी नडते, आणि कशी नडते तेच आज सांगायचे आहे.

कोल्हापुरातले घर म्हणजे चहाचे घर. सकाळी आधण, दुपारी चारला आधण, कुणी दारात आले की पुन्हा आधण. अशा घरात एखादीला कॉफी आवडते. ती बेळगाव-धारवाडकडून इकडे नांदायला आलेली असते, किंवा बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलाकडे महिनाभर राहून आल्यावर तिच्या तोंडाला ती चव लागलेली असते. पण घरात कॉफी पिणारी ती एकटीच. ‘‘एकटीसाठी आता हे आणि कशाला?’’ असे सासूबाईंनी म्हणायच्या आधी ती स्वतःच स्वतःला म्हणते आणि सगळ्यांबरोबर मुकाट्याने चहा घेते. फारच वाटले तर गरम दुधात झटपट कॉफीचा अर्धा चमचा ढवळते आणि भागवते.

पण बाई, रोज एक कप चांगली कॉफी ही काही चैन नव्हे. तिला फार पैसे लागत नाहीत, पसारा पडत नाही आणि वेळही मोडत नाही. भांडे तेवढे नेमके निवडता आले पाहिजे.

उकळलेली आणि ठिबकलेली

कॉफी आपल्याला अगदी परकी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या कारकिर्दीत पन्हाळ्याच्या परिसरात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले होते. आपल्या आज्याही कॉफी करतच होत्या की! दूध-पाण्यात पूड घालायची, वेलदोडा ठेचून टाकायचा, वर जायफळ किसायचे, चांगली उकळी आणायची आणि फडक्यातून गाळायची. त्या कॉफीची गोडी वेगळी, ती तशीच राहू द्या. पण पूड खळखळा उकळली की तिच्यातला कडवटपणाही सगळा उतरतो, आणि तो झाकायला साखर जास्त लागते.

ठिबकणाऱ्या कॉफीत पूड उकळायचीच नाही. पुडीवर गरम पाणी ओतायचे आणि गप्प बसायचे. पाणी आपल्याच वजनाने पुडीतून झिरपत थेंबथेंब खाली उतरते आणि येताना रंग, वास, चव घेऊन येते. दक्षिणेतल्या घराघरांत यासाठी दोन मजली भांडे असते. वरच्याच्या तळाला बारीक भोके, आत पूड दाबायला दांडीची चकती, खाली अर्क जमायला दुसरे भांडे आणि वर झाकण. झाला फिल्टर! खाली जमणाऱ्या त्या काळ्याभोर अर्काला तिकडे डिकॉक्शन म्हणतात. आपल्या देशात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते. म्हणजे ही पूड आपल्या शेजारच्या अंगणातलीच म्हणायची.

आणि गंमत पाहा, तिकडे जर्मनीत हेच काम कागदाने करण्याची युक्ती एका गृहिणीलाच सुचली. ड्रेस्डेन शहरातल्या मेलिटा बेन्ट्झ या बाईंना कपात येणाऱ्या गाळाचा कंटाळा आला होता. त्यांनी पितळी भांड्याच्या तळाला खिळ्याने भोके पाडली, मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद त्यात घातला, वर पूड टाकली आणि गरम पाणी ओतले. खाली स्वच्छ, बिनगाळाची कॉफी आली. हे १९०८ सालचे. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी आपल्या युक्तीची सरकारी नोंदणी केली आणि डिसेंबरात स्वतःचा धंदाही काढला. पुढे १९५४ साली विजेवर चालणारे घरगुती ठिबक-यंत्र आले, तेही जर्मनीतच. आज दुकानात दिसणारी छोटी कॉफीयंत्रे ही त्याच घराण्यातली.

माप आधी, बाकीचे मागाहून

आता मुख्य मुद्दा. एका माणसाला एक कप हवा असेल तर फिल्टरही एका कपाचाच घ्यायचा. ‘‘मोठा घेऊन त्यात थोडी करू’’ हे पातेल्यात चालते, फिल्टरमध्ये चालत नाही. का, ते बघा.

एका कपाला आपण साधारण १५ ग्रॅम पूड धरू. पाच सेंटिमीटर रुंदीच्या फिल्टरमध्ये तिचा दोन सेंटिमीटर जाडीचा, म्हणजे बोटाच्या पेराला थोडा कमी असा थर होतो. पाण्याला त्यातून वाट काढायला वेळ लागतो आणि अर्क दाट उतरतो. तीच पूड आठ सेंटिमीटर रुंदीच्या मोठ्या फिल्टरमध्ये पसरली तर थर एक सेंटिमीटरही भरत नाही. पाणी त्यातून भरभर निघून जाते. खाली येते ते पांचट पाणी. मग आपण पूड वाढवतो. पंधरा दिवसांचा डबा आठवड्यात संपतो आणि ‘‘फिल्टर कॉफी आपल्याला काही परवडत नाही’’ असे म्हणून फिल्टर माळ्यावर जातो. कॉफीची यात काही चूक नसते हो, भांडेच मापाबाहेरचे असते.

दुकानात ‘दोन कपांचा’, ‘चार कपांचा’ अशी भाषा चालते. पण तो कप कुणाचा? कुणी तो अर्काचा मोजतो, कुणी तयार कॉफीचा. तेव्हा कपांवर जाऊ नका, पाण्याने मोजा. घरून मापाचा पेला घेऊन जा किंवा दुकानातच पाणी मागा. तळाला बोट किंवा रुमाल लावून वरचे भांडे भरून पाहा. काठोकाठ दीडशे मिलिलिटर पाणी मावले तर तो तुमचा एका भरपूर कपाचा फिल्टर. यात पूड, चकती आणि ९० मिलिलिटर पाणी बरोबर बसते. खालचे भांडे वरच्यापेक्षा लहान नको, नाही तर एखाद्या दिवशी पाणी जरा जास्त पडले की ओट्यावर कॉफीचे तळे होते.

हातात घेऊन पाहा

माप जमले की मग बाकीचे. वरचे भांडे उजेडाकडे धरा. भोके बारीक, एकसारखी आणि तळभर पसरलेली दिसली पाहिजेत. काही मोठी, काही बुजलेली असतील तर दुसरा दाखवायला सांगा. लाजू नका. साडी घेताना आपण वीस घड्या मोडतो, मग इथे तीन फिल्टर पाहिले तर काय बिघडले?

दांडीची चकती भांड्यात घालून पाहा. ती न अडकता सरळ खाली गेली पाहिजे, आणि कडेने फार फटही राहता कामा नये. मग वरचे भांडे खालच्यावर बसवा. ते डगमगू नये, पण घट्ट रुतूनही बसू नये. फार घट्ट बसले तर खालची हवा कोंडते आणि ठिबक मध्येच थांबते. (घरी असे झालेच तर वरचे भांडे केसभर उचलून पुन्हा ठेवायचे, थेंब सुरू होतात.) शेवटी काठावरून हलकेच बोट फिरवा, धार लागत नाही ना ते पाहा. रोज धुवायचे भांडे आहे.

धातूचे म्हणाल तर आपल्या रोजच्या कामाला स्टीलच बरे. पितळी फिल्टर दिसतो देखणा, पण कॉफी किंचित आंबट गुणाची असते. पितळेला आतून कल्हई हवीच, आणि ती वेळच्या वेळी पुन्हा करून घ्यायला हवी. कल्हईवाला आता गल्लीत हाक देत येतो थोडाच? घरात आजेसासूबाईंच्या वेळचा पितळी फिल्टर असेल आणि कल्हई करून देणारा माणूस माहीत असेल तर अवश्य वापरा. नवा घेताना मात्र स्टीलचा घ्या.

विजेचे यंत्र कुणी घ्यावे?

‘‘अहो, पण ती बटण दाबायची छोटी यंत्रे मिळतात ना?’’ असे तुम्ही विचाराल. मिळतात, आणि ती वाईट नसतात. फक्त ती कुणासाठी आहेत हे समजून घ्या.

विजेच्या ठिबक-यंत्रात साधारण एक भाग पुडीला पंधरा-सोळा भाग पाणी लागते. आपल्या फिल्टरमध्ये हेच प्रमाण एकास सहा. म्हणजे यंत्रातून येते ती थेट प्यायची, पातळ, काळी कॉफी. तिकडच्या लोकांना ती तशीच आवडते. पण आपले गाव म्हणजे गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढलेले म्हशीचे दूध पिणारे! म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. अशा दुधात ती पातळ कॉफी घातली की रंग येतो, पण चव बुडून जाते. तेव्हा तुम्ही बिनदुधाची किंवा नावापुरत्या दुधाची कॉफी पीत असाल तर यंत्राचा विचार करा. दूध-कॉफी हवी असेल तर यंत्रावर पैसे घालू नका.

यंत्र घ्यायचे ठरलेच, तर विजेच्या बिलाला घाबरू नका. ६०० वॅटचे यंत्र पाच मिनिटे चालले तर जेमतेम एका युनिटचा विसावा भाग वीज जळते. खरा खर्च वेगळीकडे असतो. कागदी गाळणी लागत असतील तर ती तुमच्या बाजारात मिळतात का, हे आधी विचारा. धुऊन वापरता येणारी जाळी असलेले यंत्र केव्हाही सोयीचे. तीन पिनांची, अर्थिंगची वायर आहे का, तुमचा रोजचा कप तोटीखाली मावतो का, काचेचे भांडे फुटले तर सुटे मिळेल का, दुरुस्ती गावात होते का, हेही विचारा. ज्या यंत्राखाली कॉफी गरम ठेवणारी तापती पट्टी असते, तिच्यावर कॉफी अर्धा तास राहिली की करपट लागते. एका कपाला ती पट्टी हवी कशाला? बोअरचे जड पाणी वापरत असाल तर यंत्राच्या नळीत क्षार साचतात. अधूनमधून लिंबाच्या फुलाचे पाणी फिरवून नंतर दोनदा साधे पाणी फिरवावे लागते.

दुसरी असतात ती बंद कुपीची यंत्रे. एक कुपी घालायची, एक कप काढायचा आणि कुपी टाकून द्यायची. काम झटपट होते, पण त्या यंत्राला चालतील अशाच कुप्या जन्मभर विकत घ्याव्या लागतात आणि रोज एक डबी कचऱ्यात जाते. आपल्या हिशेबात हे बसवणे कठीण.

आणि कमीत कमी पैशात काळी कॉफी हवी असेल तर मेलिटाबाईंचीच रीत अजून चालते. कपावर ठेवायची नरसाळ्यासारखी चिनी मातीची किंवा प्लास्टिकची गाळणी मिळते. तिच्यात कागद, कागदात पूड, वरून हळूहळू गरम पाणी. वीज नको, यंत्र नको.

पूड आणतानाचा हिशेब

भांडे एकदाच घ्यायचे असते, पूड मात्र सारखी लागते. दिवसाला १५ ग्रॅम म्हणजे महिन्याला साडेचारशे ग्रॅम. महिन्याच्या यादीत हा आकडा आधीच धरा, म्हणजे वीस तारखेला ओढाताण होत नाही. पण एकदम अर्धा किलो आणू नका. दळलेल्या कॉफीचा वास लवकर उडतो. पंधरा दिवसांची सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम आणा, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा, आणि तो डबा गॅसजवळ नको. दुकानदाराला ‘फिल्टरसाठी’ असे स्पष्ट सांगा. फार बारीक पूड भोके बुजवते, फार जाड असली तर पाणी पळते. झटपट कॉफी फिल्टरमध्ये घालायची नसते, ती विरघळून जाते.

पाकिटावरची बारीक अक्षरे अवश्य वाचा. बहुतेक फिल्टर कॉफीत चिकोरी असते. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचे भाजून दळलेले मूळ. ती भेसळ नव्हे, तिने अर्काला रंग आणि दाटपणा येतो. पण ती कॉफीपेक्षा स्वस्त असते, म्हणून किती आहे हे बघायचे. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावीच लागते आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. ५१-४९ च्या पाकिटाला ८०-२० चे पैसे मोजू नका. दूध-कॉफीला वीस-तीस टक्के चिकोरी चांगली लागते. काळी पिणारीने बिनचिकोरीची घ्यावी.

कृती

फिल्टर कोरडा हवा. वरच्या भांड्यात सपाट चार पोह्याचे चमचे पूड घाला. चमचा घरोघर वेगळा असतो, म्हणून पहिल्यांदा १५ ग्रॅम वजन करून आपल्या चमच्याचे माप ठरवून टाका. पूड सारखी करा, चकती ठेवून हलक्या हाताने दाबा. जोर लावू नका, नाही तर पाणी उतरायचेच नाही. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि ९० मिलिलिटर पाणी चकतीवर गोल फिरवत ओता. झाकण लावा आणि दुसऱ्या कामाला लागा. दहा-पंधरा मिनिटांत खाली साधारण ६० मिलिलिटर अर्क जमतो, बाकीचे पाणी पूड पिते. त्यात शंभर मिलिलिटर कडकडीत तापलेले दूध आणि चवीला साखर. अर्क पुन्हा उकळू मात्र नका.

साखरेऐवजी आपला गूळ हवा असेल तर तो आधी गरम अर्कात विरघळवून घ्या, दूध गॅसवरून उतरवून दोन मिनिटांनी घाला आणि नंतर उकळी आणू नका. गुळाने दूध फाटायची भीती असते ती त्याने बरीच कमी होते.

उरलेला चोथा मोरीत टाकू नका, पाइप तुंबतो. कुंडीतल्या मातीत थोडा थोडा मिसळा. फिल्टर लगेच धुवून पालथा घाला. महिन्यातून एकदा भोके उजेडात धरून पाहा. बुजली असतील तर वरचे स्टीलचे भांडे चिमट्याने गॅसच्या आचेवर क्षणभर धरा, अडकलेली पूड जळून जाते. मग गार करून ब्रशने घासा.

एक सांगणे तब्येतीचे

आपल्यापैकी कितीजणींच्या अंगात रक्त कमी असते! २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चहा काय, कॉफी काय, जेवणाबरोबर घेतली की अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. म्हणून जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान एक तास दोन्ही टाळावीत, असा सल्ला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात दिला आहे. दिवसभरात ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफिन नको, आणि ठिबकलेल्या कॉफीच्या दीडशे मिलिलिटरच्या कपात ते ८० ते १२० असते, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे एका कपाला कुणाची हरकत नाही, पण कॉफी सुरू केली म्हणून चहाचे दोन कप कमी करा. दिवस गेले असतील, झोप येत नसेल किंवा पित्त उसळत असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

आणि आता शेवटचे. तुम्ही महाद्वार रोडला नाही तर राजारामपुरीत भांड्याच्या दुकानात जाल आणि सर्वांत लहान फिल्टर मागाल, तेव्हा दुकानदार हमखास म्हणेल, ‘‘वहिनी, एवढासा कशाला? मोठा न्या की, पाहुणे आले तर?’’

तुम्ही हसून सांगा, ‘‘पाहुण्यांना चहा हाय की भाऊ. ह्यो माझ्यासाठी.’’

आणि दीडशे मिलिलिटरचाच बांधून घ्या.